गाळलेली पेज

क्युबा, २० फेब्रुवारी २००५

चोलेंग मावशी,

म्हणजे पुन्हा तेच. पैसे परत. माझ्या बहिणीच्या, मिंडाच्या फीचे तेवढे ठेवलेस आणि तुझ्यासाठी म्हणून वेगळे पाठवलेले पन्नास डॉलर सुट्टीवर आलेल्या तेरॉयकाकाच्या हाती परत धाडलेस. बारा हजार मैल फिरून आले बिचारे. वर निरोप काय, तर "अमेरिकनांचा पैसा माझ्या घरात नको." अगं, माझ्या घामाचे आहेत ते, बॉम्बचे नाहीत.

बाबा ओलोंगापोला त्यांच्याच गोदीत वेल्डर होते ना? तेव्हा रविवारी तू आमच्याकडे जेवायला यायचीस. आमच्या भांड्यातल्या डुकराच्या मटणाला तेव्हा बंदुकीच्या दारूचा वास येत नव्हता वाटतं. दोनदा वाढून घ्यायचीस, मला आठवतंय.

मग तुझे मोर्चे. जहाजं घालवा, तळ घालवा, अणुबॉम्ब घालवा. घालवलेत. मी दहा वर्षांचा होतो. बॉम्ब खरंच गेले का, ते मला माहीत नाही, पण बाबांची नोकरी गेली हे नक्की. आधी ते दारात नुसते बसायचे. मग बाटली घेऊन बसायला लागले. मग बसायलाही उरले नाहीत. मी शाळा सोडली ती तिथे. हे अक्षर बघून हसतेस ना, त्यातला अर्धा वाटा तुझा आहे.

आता मीच त्यांच्या दुसऱ्या एका खाडीवरच्या तळावर येऊन ती नोकरी परत मिळवली. इथे मी स्वयंपाकघरात आहे. सैनिकांचं जेवण. अंडी फोडायची, पातेली घासायची. बाहेर घोरपडी मांजरासारख्या फिरतात. बाकी काही विचारू नकोस. इथलं सांगायचं नाही अशी सही देऊन आलोय आणि सांगण्यासारखं काही नाहीही. करार नोव्हेंबरपर्यंत आहे. पुढे वर्षभर वाढवून दिला तर मिंडाचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष निघेल. नाही दिला, तर ती तुझ्याशेजारी सुकी मासळी विकेल. एवढं सरळ आहे.

पत्र पोस्टाने पाठवू नकोस, पाकिटं फोडतात. सुट्टीवर येणाऱ्या कोणाच्या तरी हाती दे.

तेच पन्नास पुन्हा पाठवतोय. परत आले तर मी बोलणार नाही.

सेल्सो

*

ओलोंगापो, २८ मार्च २००५

सेल्सो, गाढवा,

बोलणार नाही म्हणतोस आणि चार पानं लिहितोस. बोलायला लागलास तर काय करशील?

मटण दोनदा वाढून घ्यायचे, खरं आहे. तुझी आई उत्तम करायची. आणि तुझ्या बापाच्या नोकरीचं मला कोणी नव्याने सांगायला नको. बॉम्ब आणि तुझ्या बापाचा पगार एकाच जहाजातून यायचे. एक उतरवून घ्यावा आणि दुसरा परत पाठवावा, असं करता आलं असतं तर मी केलं असतं. तेव्हा आलं नाही. त्याच्या शवपेटीपाशी मी सर्वात मागे उभी होते, ते तुला आठवतं का? पुढे यायला पाय उचलेना.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्यांची एक युद्धनौका आली. आता म्हणे पाहुणी म्हणून येते. मी फाटकापाशी पाटी घेऊन उभी राहिले: "आत अणुबॉम्ब आहे का?" आम्ही सगळे मिळून सहा जण, त्यातली दोन शेंगदाणे विकणारी. एक गोरा अधिकारी आला, फार गोड बोलला. म्हणाला, "बाई, आहे असंही आम्ही सांगत नाही, नाही असंही सांगत नाही." मी म्हटलं, "आमच्या राज्यघटनेत लिहिलंय बाबा, इथे आणायचं नाही." तर म्हणतो, "त्याचा आम्ही आदर करतो." ताकास तूर लागू देत नाहीत मेले, आणि आदर करतात! जगाला दम देतात, तुम्ही बॉम्ब करायचा नाही. स्वतःकडे हजारांनी, आणि ते कुठे ठेवलेत हे ज्याच्या अंगणात ठेवले त्यालाही सांगायचं नाही.

आता तुझं. तू ज्या खाडीवर आहेस तिचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. खटला नाही, आरोप नाही, सुटकेची तारीख नाही, अशी माणसं तिथे कोंडलीत. युद्धकैदी म्हणावं तर नाही म्हणतात, गुन्हेगार म्हणावं तर कोर्ट नाही. मी आत होते तेव्हा आमचे लष्करवालेही असंच बोलायचे. कोणाकडून शिकले होते, कोण जाणे.

तर मी तुला सरळ विचारते. त्या माणसांचं जेवण तू करतोस का? हो किंवा नाही. त्या गोऱ्यासारखं उत्तर देऊ नकोस.

पन्नास डॉलर या पत्रात आहेत. मोजून घे.

तुझी मावशी

*

क्युबा, १४ ऑगस्ट २००५

मावशी,

हो.

एवढ्यासाठी पाच महिने घेतले. तुझं पत्र उशीखाली होतं. आमच्या स्वयंपाकघरातला फेर्डी सुट्टीवर निघालाय, त्याच्या बुटात हे घालून देतोय.

जेवण आम्हीच करतो त्यांचं, आणि थाळ्याही आम्हीच गाडीवर लावून आतल्या दारापर्यंत नेतो. माणसं दिसत नाहीत, नावं नाहीत. नुसते आकडे. मी एकदा विचारलं, "ह्याने काय केलं?" पहारेकरी म्हणाला, "सांगत नसतात." "काहीच केलं नसेल तर?" "तेही सांगत नसतात." तेव्हा तुझा तो गोड अधिकारी आठवला आणि मला हसू आलं. पहारेकरी म्हणाला, "हसतोस काय?" म्हटलं, "मावशीची आठवण झाली." तो म्हणाला, "छान असणार मावशी." म्हटलं, "तुमच्या लोकांना विचारा."

उन्हाळ्यात थाळ्या भरलेल्या परत यायला लागल्या. आधी आम्हाला वाटलं, मीठ जास्त झालं. आमच्या मुकादमाने तर मसालाच बदलला. मग कळलं, उपास धरलाय. म्हणतात, न्यायाधीशासमोर उभं करा, नाहीतर मरू द्या. आणि सरकार म्हणतं, उभं करणार नाही आणि मरूही देणार नाही. दवाखान्यात खुर्ची आहे. हात, पाय, डोकं पट्ट्यांनी बांधतात आणि नाकातून नळी घालून डब्यातलं पातळ अन्न सोडतात.

दवाखान्यात बाल्ताझार म्हणून एक नौदलाचा कंपाउंडर आहे. आपलाच, आजोबा आपल्याकडच्या पांगासिनानचे, पण हा जन्मला कॅलिफोर्नियात. आपली भाषा तो लहान पोरासारखी बोलतो. एकदा मला म्हणाला, "दादा, डबे जरा कोमट करून दे ना, थंडगार गेलं की पेटके येतात त्यांना." तसा मी दवाखान्यात जायला लागलो. तिथे एक माणूस आहे, सीरियाचा म्हणे. हाडं आणि दाढी. त्याला काहीच टिकायचं नाही, नळीतून गेलं की सगळं उलटून पडायचं, कपड्यांवर, दाढीत. लादी पुसायला मीच. पुसता पुसता आजी आठवली. आपल्याकडे पोट धरत नसलं की काय देतात? भाताची पेज, कपड्यातून गाळून, चिमूट मीठ. बाल्ताझार म्हणाला, "माझी आजीपण द्यायची रे!" मी खोलीतल्या कुकरमध्ये भात लावला, पेज गाळली, डब्यातल्या अन्नात निम्मी घातली.

पण आधी मी त्याला विचारलं, मावशी. पहारेकरी पाठमोरा होता. भांडं त्याच्या नाकाशी नेलं, वास दिला, भुवईनेच विचारलं, चालेल? त्याने माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. आपण हो म्हणताना करतो तशाच. वर जीभ टाळ्याला लावून टक् केलं, आजोबा जेवण जमलं की करायचे तसं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज विचारतो, रोज भुवया वर. त्याच्या गालावर थोडं मांस आलंय आता.

डॉक्टर खूश आहे. पेजेचे म्हणून मला महिन्याला साठ डॉलर वेगळे देतात आणि करार वाढवायचंही बोललेत. तू आयुष्यभर पाट्या धरल्यास. मी पातेलं धरून एक माणूस वाचवला. आता तरी घे.

पन्नास पाठवतोय.

सेल्सो

*

ओलोंगापो, २५ सप्टेंबर २००५

बाळा,

पत्र दोनदा वाचलं. मग मासळीचा गाळा मिंडावर सोडून चर्चमध्ये जाऊन बसले. प्रार्थना वगैरे काही नाही, पंखा चांगला आहे तिथला.

लहानपणी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगते. मी लष्करी कायद्याच्या काळात पकडले गेले, हे तुला माहीत आहे. आत आम्ही बायकांनीही उपास धरला होता, कोर्टापुढे न्या म्हणून. तुझ्या आजीला भेटायला सोडलं, तर ती पेज घेऊन आली. गाळलेली, चिमूट मीठ. मी प्यायले. म्हणून आज तुझ्याशी भांडायला जिवंत आहे.

तेव्हा पेज देणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने बोलू? तू त्याला विचारलंस, हे वाचून मला रडू आलं. तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही, तिथे तू विचारलंस. त्याने भुवया उचलल्या. झालं तर. उपास त्याचा, मोडायचा हक्कही त्याचा. त्याला थकवा आला असेल, आईची आठवण आली असेल, मी विचारणारी कोण?

यंदा हिरोशिमाला साठ वर्षं झाली. सहा ऑगस्टला आम्ही फाटकापाशी मेणबत्त्या लावल्या. वारा इतका की एक टिकेना. मी मनात म्हटलं, हे असंच, आपलं काही टिकत नाही. आणि मग तुझं पत्र आलं.

पन्नास डॉलर ठेवले. छपराचा पत्रा बदलला. काल पाऊस आला तेव्हा पहिल्यांदा घमेलं मांडावं लागलं नाही.

पेज जरा दाट कर त्याच्यासाठी. पण नळीतून जाईल अशी.

तुझी मावशी

*

क्युबा, ६ नोव्हेंबर २००५

मावशी,

पत्रा बदलायला नको होतास.

कसं लिहू ते कळत नाही म्हणून झालं तसं लिहितो. इथे अरबी बोलणारा एक म्हातारा दुभाष्या आहे, मूळचा दमास्कसचा. कैद्यांच्या चौकशीत बसतो. त्या दिवशी आमच्या खानावळीत जेवायला आला. आपली सवय तुला माहीत आहे, पाहुण्याची थाळी रिकामी दिसली की हात थांबत नाही. मी म्हटलं, "काका, भात घ्या अजून." त्याने भुवया वर केल्या आणि टक् केलं. मी वाढला. त्याने पुन्हा भुवया वर, टक्. मी पुन्हा वाढला. त्याने थाळीवर हात ठेवला आणि ओरडला, "अरे पोरा, किती वेळा नाही म्हणू? बहिरा आहेस का?"

मी म्हटलं, "तुम्ही तर हो म्हणालात."

"कधी?"

मी भुवया वर करून दाखवल्या. तो हसायला लागला. म्हणाला, "आमच्याकडे हे नाही असतं. टक् केलं म्हणजे तर साफ नाही. हो म्हणायचं असलं तर मान अशी खाली."

सगळी खानावळ हसली. मुकादम तर डोळे पुसत होता. मीही हसलो असेन बहुतेक. मग मागे जाऊन शीतखोलीत उभा राहिलो. बाहेर यावंसंच वाटेना.

मावशी, तो रोज नाही म्हणत होता. मी रोज विचारत होतो, तो रोज नाही म्हणत होता, आणि मी रोज त्याच्याकडे बघून हसत होतो. बांधलेल्या माणसाकडे तेवढीच जागा मोकळी होती, भुवया. त्या सबंध बेटावर त्याला विचारणारा मी एकटा, आणि मीच ऐकलं नाही. तो उलटी करायचा, तोच त्याचा उपास होता, हे आता कळतंय. त्यांच्या नळीने जे झालं नसतं ते माझ्या पेजेने झालं. गालावरचं मांस माझं आहे.

अजून पुढे ऐक. डॉक्टरने दुसऱ्यांनाही पेज सुरू केली. आता मोठ्या पातेल्यात करतो मी.

बाल्ताझारला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, तू निदान चुकलास. तो 'नाही' म्हणतोय हे मला समजत होतं. पहिल्या दिवसापासून. आम्हाला शिकवतात ते हावभाव." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?" म्हणाला, "हुकूम आहे. आणि तू किती खूश होतास."

तू पैसे घेतलेस ते त्याने हो म्हटलं म्हणून. आता काय ते तूच ठरव. कराराचा कागद समोर आहे, महिनाअखेरीपर्यंत सही हवी. सही केली तर मिंडा नर्स होते. आणि पातेलं माझ्याकडेच राहतं.

या वेळी पैसे पाठवत नाही. हातच होत नाही.

सेल्सो

*

ओलोंगापो, १८ नोव्हेंबर २००५

सेल्सो,

सुट्टीवर आलेला एक जण उद्या तिकडे परत निघतोय म्हणून घाईने लिहिते.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी पेज प्यायले नव्हते. दोघांनी मला धरलं, तिसरीने नाक दाबलं, आणि चमचा त्यांनी माझ्या आईच्या हातात दिला. म्हणाले, "भरव तुझ्या लेकीला, नाहीतर मरेल." ती रडत होती आणि भरवत होती. मी मान नाही नाही अशी हलवत होते, आणि ती म्हणत होती, "हो गं, हो गं, झालं, झालं."

ती मरेपर्यंत आम्ही दोघी त्यावर एक शब्द बोललो नाही. तुम्हा पोरांना मी सांगितलं, आजीच्या पेजेने वाचले. तिला तुम्ही वाईट म्हणू नये म्हणून. आणि मला ते खरं वाटावं म्हणूनही. तुझं ऑगस्टचं पत्र मला इतकं का आवडलं, ते आता कळलं असेल. निदान एका पेजेला कोणीतरी हो म्हटलं होतं.

तिचा मला राग नाही. तुझाही नाही. चमचा ज्यांनी हातात दिला त्यांचा आहे, आणि तो तीस वर्षांत उतरलेला नाही. पण आईने नंतर एकदा तरी म्हणायला हवं होतं की, बाई गं, तू नाही म्हणत होतीस, मला दिसलं होतं. तेवढंच हवं होतं मला. बाकी काही नाही.

मिंडाला विचारलं, नळी घालायला शिकवतात तेव्हा पहिला धडा काय? म्हणाली, "रुग्णाला सांगायचं आणि विचारायचं. नाही म्हणाला तर थांबायचं." मग मी तिला तुझी दोन्ही पत्रं दिली. वाचून झाल्यावर ती गाळ्यावर जाऊन बसली आणि दिवसभर मासळीवरच्या माश्या वारत राहिली. रात्री जेवताना म्हणाली, "दादाला सांग, माझ्या नावावर सही करू नकोस. मला तो धडा परीक्षेत लिहायचाय." एक सत्र मागे पडेल. पडू दे. मी सत्तावन्न किलोची बाई आहे, अजून टोपल्या उचलू शकते.

मनिलात एक वकीलबाई आहेत, आमच्या जुन्या कैद्यांच्या संघटनेतल्या. तिथल्या कैद्यांच्या वकिलांना त्या ओळखतात. पाहिलेलं सांगायचं असेल तर त्या लिहून घेतील. पण नावानिशी. निनावी नाही. "आहे असंही नाही, नाही असंही नाही" म्हणणारे आधीच पुष्कळ आहेत. नाव दिलंस तर भरतीवाले तुला पुन्हा परदेशी पाठवणार नाहीत, हे माहीत असू दे. मी तुला ढकलत नाही. एकदा तुझ्या घरावर माझा मोर्चा नेला आहे मी. या वेळी विचारते आहे.

तुझी मावशी

*

मनिला, २९ जानेवारी २००६

मावशी,

घरी न येता इथेच थांबलो म्हणून चिडू नकोस. बंदराजवळच्या एका खानावळीत मासे तळतो. मालकीण तुझ्यापेक्षा जास्त ओरडते, म्हणून करमतं.

सही केली नाही. पण शेवटच्या आठवड्यात एकदा दवाखान्यात गेलो. मुकादमाने पातेलं दिलंच होतं हातात. तो सीरियाचा माणूस खुर्चीत बांधलेला. मी भांडं त्याच्यासमोर धरलं, नेहमीसारखं. तो भुवया उचलणार, तेवढ्यात मीच उचलल्या. आणि जीभ टाळ्याला लावून टक् केलं. मग भांडं मोरीत ओतलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. पट्टा कपाळावर होता, त्यामुळे मान हलत नव्हती. पापण्या मात्र त्याने खाली घेतल्या, सावकाश, आणि परत उघडल्या. तो हो होता की नुसता थकवा, ते मी आता ठरवणार नाही. नीट कळल्याशिवाय पुन्हा कोणाचं हो मी धरणार नाही.

नळी थांबली नाही, मावशी. बाल्ताझारने डबा तसाच जोडला. तो माणूस पुन्हा उलटी करू लागला. मला मुकादमाने त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून काढलं आणि पुढच्या विमानाने परत पाठवलं. मी कोणाला वाचवलं नाही. फक्त माझं पातेलं मी त्यातून बाजूला घेतलं.

वकीलबाईंकडे गेलो. पहिल्या दिवशी जिन्यावरूनच परत आलो. दुसऱ्या दिवशी सांगितलं. खुर्ची, पट्टे, पेज, भुवया, सगळं. त्यांनी विचारलं, "तो नाही म्हणत होता, हे लिहू?" मी म्हटलं, "तेच आधी लिहा. बाकीचं मागाहून." त्या म्हणाल्या, "यात तुमचीही चूक दिसेल." म्हटलं, "दिसू दे." खाली पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट. भरतीवाल्याने कालच सांगितलं, "तुझं आता विसर." ठीक आहे. मासे तळायला पासपोर्ट लागत नाही.

पेजेचे डॉलर वेगळे काढले होते. वकीलबाईंना म्हटलं, त्या माणसाला पोचवा. त्या म्हणाल्या, "त्याला पैसे पोचत नाहीत. पत्रही वर्षावर्षाने." मग हे कोणाला परत करायचे? तू तरी पन्नास डॉलर तेरॉयकाकाच्या हाती परत धाडू शकायचीस. माझ्याकडे तर त्याचं नावही नाही. ते पाकीट इथल्या खाटेखाली आहे. त्यावर झोप लागत नाही, आणि टाकवतही नाही. तुझ्या छपरावरच्या पत्र्याचं काय करायचं, तेही मला सांगता येत नाही. पाऊस आला की त्याचा आवाज होत असेल.

मिंडाला सांग, सत्राचे पैसे मी भरीन, उशीर होईल, पण भरीन. आणि यात एकही डॉलर नाही, म्हणून या वेळी परत करू नकोस. माशांचे आहेत, वास घेऊन बघ.

पाठवतोय: एक हजार सातशे पेसो.

सेल्सो